खाण्यापिण्याच्या भांड्यांना कोणतं ग्लेझ लावावं?

भांड्याच्या आत, जिथे अन्न टेकतं तिथे, पारदर्शक किंवा पांढरं चकचकीत ग्लेझच लावावं. रंगांची हौस बाहेरून भागवावी. पेल्याच्या बाहेरच्या बाजूलाही काठाखालचे दोन सेंटीमीटर आतल्याच ग्लेझचे ठेवावेत, कारण ओठ तिथे टेकतात.

ग्लेझ म्हणजे मातीवर वितळवलेली काच. सिलिकेपासून ती बनते, अ‍ॅल्युमिनामुळे टिकाऊ होते आणि फ्लक्समुळे, म्हणजे वितळायला मदत करणाऱ्या द्रव्यामुळे, वितळते. सिलिका-अ‍ॅल्युमिना कमी पडलं किंवा भट्टी पुरेशी तापली नाही, तर काच कच्ची राहते आणि आंबट पदार्थ तिच्यातले धातू ओढून घेतात. त्यामुळे ग्लेझच्या डब्यावर ‘फूड सेफ’ लिहिलेलं असलं तरी तेवढ्यावर विसंबू नये. ते एका ठरावीक कोनला भाजलेल्या, एकट्या लावलेल्या ग्लेझबद्दल असतं. (कोन म्हणजे ठरावीक उष्णता मिळाली की वाकणारा छोटा सुळका; त्याच्या क्रमांकावरून भाजणी सांगतात.) कोन ६ चं, म्हणजे साधारण १२२० अंश सेल्सिअसचं ग्लेझ ११८० वरच थांबवलं किंवा त्यावर दुसरं ग्लेझ चढवलं, की ती हमी संपली. भट्टीच्या प्रत्येक फळीवर साक्षी कोन, म्हणजे भाजणी पडताळायचा असा सुळका, ठेवा. मीटरवरचा आकडा बरोबर असूनही खालची फळी थंड राहू शकते.

स्वतः ग्लेझ बनवत असाल तर शिसं आणि कॅडमियम असलेलं काहीही आतल्या बाजूला नको. बेरियम आणि तांबं एकत्र असलेली मॅट निळी-हिरवी ग्लेझ दिसायला फार देखणी, पण ती फुलदाणीलाच शोभतात. कॉपर कार्बोनेट ४-५ टक्क्यांच्या पुढे गेलं की काचेत पुरतं सामावत नाही. मँगनीजही जपूनच वापरावं. तांब्याचा आणखी एक धोका आहे: शिसं असलेल्या ग्लेझमध्ये ते पडलं, तर शिसं जास्त सुटतं.

आता चाचणी. ग्लेझ लावलेली, नेहमीसारखीच भाजलेली एक टाइल व्हिनेगरमध्ये अर्धी बुडवून २४ तास ठेवा. धुऊन, पुसून खिडकीपाशी तिरकी धरा. बुडलेला आणि कोरडा भाग यांच्यामध्ये रेघ दिसली, रंग फिका पडला किंवा चकाकी उतरली, तर ते ग्लेझ बाद. कच्च्या हिरव्या ग्लेझवर लिंबाची चकती रात्रभर राहिली, तर सकाळी तिच्याखाली फिकट गोल उमटलेला दिसतो. मात्र टाइल जशीच्या तशी राहिली म्हणून शिसं सुटत नाही असं समजू नका, ते डोळ्यांना दिसत नाही. शंका असेल तर भांडं प्रयोगशाळेत द्या. तिथे ४ टक्के अ‍ॅसेटिक आम्लात २४ तास ठेवून सुटलेला धातू मोजतात.

बारीक तडे हा वेगळा दोष. थंड होताना ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसतं, ताणलं जातं आणि केसासारखं चिरतं. माती पाणी पिणारी असेल तर त्या चिरांतून ओल आणि अन्नाचा अंश आत शिरतो. पारखायचं तर भांडं रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, सिंकमध्ये आणून त्यात उकळतं पाणी ओता, असं तीनदा करा. भांडं फुटूही शकतं, तेव्हा तोंड लांब ठेवा. मग शाई चोळून पुसा, तडे असतील तर रेघा उठतील. उपाय म्हणून १०० ग्रॅम कोरड्या मिश्रणाला ५ ग्रॅम या हिशेबाने सिलिका वाढवत न्या, आणि दर वेळी ते नीट वितळतंय का पाहा. सोडा फेल्डस्पार (फ्लक्स म्हणून वापरायचं सोडियमयुक्त खनिज) कमी केल्यानेही फरक पडतो. थर जाड असेल तर आधी तो पातळ करून बघा.

याच्या उलट, ग्लेझ मातीपेक्षा कमी आकसलं तर काठावरून आणि मुठीच्या कडेवरून त्याचे धारदार कपचे सुटतात. ते घासात येऊ शकतात. असं एक जरी भांडं निघालं, तरी त्या घाण्यातली सगळी बाजूला काढा.