पहिला रेल्वे लेआउट: रूळ ठोकण्याआधी या चुका टाळा

मॉडेल रेल्वेचा पहिला एचओ (खऱ्याच्या १/८७ आकाराचा) लेआउट अर्धवट पडतो तो बहुतेक वेळा इंजिनांमुळे नाही. रुळांचा आराखडा एकदा ठरतो, कंट्रोलर नंतर कधीतरी सवलतीत मिळेल तो येतो, आणि मग दोघांचं जमत नाही. म्हणून कागदावर पहिली रेघ मारण्याआधी एवढंच ठरवा: एका वेळी किती गाड्या पळणार, आणि त्या किती जण चालवणार? वळणं, सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागा), वायरिंग, खर्च, सगळं त्या उत्तरावर अवलंबून आहे.

घाट हवाच, पण कितीचा?

आपल्याकडे लेआउट म्हटलं की कर्जत-खंडाळा डोळ्यांसमोर येतो. एका रुळावरून दुसरा न्यायचा तर एचओमध्ये पुलाच्या जाडीसकट साधारण ८ सेंमी उंची लागते. २ टक्के चढ धरला तर वर जायला ४ मीटर, उतरायला आणखी ४. आणि ८ बाय ४ फुटांच्या प्लायवर कडेकडेने घातलेला पूर्ण वळसा भरतो जेमतेम ६ मीटर! मग चढ फारच तीव्र होतो, इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरतात आणि दोष इंजिनाला मिळतो. खऱ्या बोरघाटात चढ ३७ला १, म्हणजे सुमारे २.७ टक्के आहे, आणि तिथेही गाडीला मागून बँकर इंजिनं जोडावी लागतात. पहिल्या लेआउटवर रूळ सपाट ठेवा आणि डोंगर उंच करा. बोगद्यात शिरणारी गाडी चढतेय की नाही, हे पाहणाऱ्याला कळत नाही. पूल हवाच असेल तर एक मार्ग ४ सेंमी वर आणि दुसरा ४ सेंमी खाली न्या. चढाची लांबी निम्म्यावर येते.

वळणांचंही तेच. एलएचबी (नव्या धाटणीचा लांब प्रवासी) डबा एचओमध्ये साधारण २७ सेंमी भरतो. सेटसोबत येणारं १८ इंची त्रिज्येचं वळण त्याला फार घट्ट पडतं. डब्याचा मध्य आत झुकतो, टोकं बाहेर जातात आणि कपलिंग खेचलं जाऊन डबा रुळावरून उतरतो. २२ इंच बरं, त्याहून मोठं मिळालं तर उत्तम. जागाच नसेल तर मालगाडी चालवा. बॉक्सएन (कोळशाची उघडी) वाघीण १२ सेंमीच्या आसपास असते, घट्ट वळणावरही शोभते आणि यार्डात शंटिंग करायला मजा येते (माझ्या मते राजधानीला नुसतं गोल फिरवण्यापेक्षा जास्त). डावं वळण संपताच उजवं सुरू होत असेल, तर मध्ये सर्वांत लांब डब्याएवढा सरळ रूळ टाका. आणि टेबल भिंतीला टेकवणार असाल तर रुंदी ७५ सेंमीपेक्षा जास्त नको. डबा नेमका सर्वांत आतल्या सांध्यावर पडतो, तिथे हात पोचला पाहिजे.

डीसी की डीसीसी?

डीसीमध्ये (साध्या डायरेक्ट करंटवर) कंट्रोलर रुळांतला व्होल्टेज कमीजास्त करतो, त्यामुळे त्या रुळावरची सगळी इंजिनं एकदमच हलतात. एक माणूस, एक गाडी असेल तर हे पुरेसं आणि स्वस्त आहे. दोन गाड्यांसाठी रुळांचे विभाग पाडून स्विच बसवावे लागतात. डीसीसीमध्ये (डिजिटल कमांड कंट्रोल) रुळांवर वीज कायम पूर्ण असते आणि प्रत्येक इंजिनातला डीकोडर फक्त आपल्या पत्त्यावर आलेला हुकूम ऐकतो. घरातले दोघे दोन गाड्या चालवणार असतील, तर पहिल्यापासून डीसीसीच घ्या. ‘आधी डीसी, मग बघू’ म्हणणारा बऱ्याचदा वायरिंग दोनदा करतो.

खरेदीत फसगत होते ती अशी. खोक्यावर ‘डीसीसी रेडी’ लिहिलेलं असतं, म्हणजे आत फक्त सॉकेट असतो. डीकोडर वेगळा घ्यावा लागतो. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेल्या सेटचा पॉवर पॅक बऱ्याचदा १२० व्होल्टचा असतो. त्यावर १००-२४० छापलं नसेल, तर आपल्या २३० व्होल्टला लावू नका, तो जळेल. मार्कलिन या जर्मन कंपनीचा तीन रुळांचा सेट दोन रुळांच्या लेआउटवर चालत नाही, त्याची चाकं शॉर्ट करतात. आणि एकाच रुळाला डीसीचा आणि डीसीसीचा कंट्रोलर एकाच वेळी कधीही जोडू नका.

बिघडलं तर

गाडी लांबच्या टोकाला मंदावते? रुळांचे जोड विजेवर भरवसा ठेवण्यासारखे नसतात. टेबलाखालून २.५ चौरस मिमीची लाल-काळी वायर फिरवा आणि दर मीटर-दीड मीटरला तिच्यापासून रुळाला बारीक वायर सोल्डर करा. छोटं इंजिन नेमकं सांध्यावर अडतं? सांध्याच्या मधल्या प्लास्टिक भागात वीज नसते. तिथे वीज खेळणारा सांधा घ्या. गाडी वळसा घालून त्याच रुळावर उलट्या दिशेने परतताना सगळं बंद पडतं? डावा रूळ उजव्याला जाऊन भिडलाय. तो वळसा दोन्ही टोकांना विजेपुरता तोडून ऑटो-रिव्हर्सर (विजेची दिशा आपोआप उलटवणारं यंत्र) लावा.

इंजिन हुकूम ऐकत नसेल तर आधी पत्ता ३ वापरून बघा, नव्या डीकोडरचा पत्ता तोच असतो. बऱ्याच डीकोडरमध्ये सीव्ही ८ला (सीव्ही म्हणजे डीकोडरमधली सेटिंगची क्रमांकित जागा) ८ दिलं की मूळ सेटिंग परत येतं. पत्ता बदलताना मात्र इंजिन वेगळ्या प्रोग्रामिंग रुळावर एकटं ठेवा. इतर इंजिनं सोबत असतील तर सगळ्यांनाच तो पत्ता मिळतो. त्याआधी चाकं आणि रूळ आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून बघा. बरेच ‘बिघडलेले’ डीकोडर तेवढ्यानेच बरे होतात.

पावसाळ्यात एमडीएफ फुगतं आणि सांधे वाकडे होतात, म्हणून चांगला वॉटरप्रूफ प्लाय घ्या. पुढे उन्हाळ्यात रूळ वाढतात, म्हणून रूळ टाकतानाच जोडांत साधारण १ मिमी फट राहू द्या. वायरिंग झाल्यावर लेआउटच्या प्रत्येक भागात दोन्ही रुळांवर आडवं नाणं टाका: सिस्टीमने लगेच वीज तोडली पाहिजे. एखाद्या ठिकाणी तोडली नाही, तर तिथे आणखी वायर जोडल्याशिवाय इंजिन रुळावर ठेवू नका.