शाब्दिक उदाहरणं सोडवताना या चुका टाळा

पोलीस भरतीचा पेपर असो की एमपीएससीच्या पूर्वपरीक्षेचा सीसॅट (कल चाचणीचा पेपर), बाहेर आल्यावर मुलांचं गाऱ्हाणं ठरलेलं: "सर, गणित येत होतं, पण प्रश्नच कळला नाही." हे खरंच असतं. समीकरण मांडून दिलं तर हीच मुलं ते दोन ओळींत सोडवतात. गाडी अडते ती वाक्याचं समीकरण करताना, म्हणजे बीजगणितापेक्षा मराठीतच जास्त.

विभक्तीचे प्रत्यय घाईत गिळले जातात, ही त्यातली सगळ्यात मोठी चूक. 'संख्येच्या निम्म्यापेक्षा ४ ने कमी' म्हणजे आधी निम्मं करा, मग ४ काढा. '४ ने कमी केलेल्या संख्येच्या निम्मे' म्हणजे आधी ४ काढा. संख्या २० धरली तर पहिल्याचं उत्तर ६ आणि दुसऱ्याचं ८. 'मधून' हा शब्द तर हमखास फसवतो. 'एका संख्येची दुप्पट ५० मधून वजा केली' हे वाचताना दुप्पट आधी येते, म्हणून हात २क्ष − ५० लिहून मोकळा होतो. हवं असतं ५० − २क्ष.

तीच गत 'पट'ची. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला ३० विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक लागतो. वि आणि शि घेऊन हे समीकरण मांडायला सांगा, निम्मा वर्ग ३०वि = शि लिहितो, कारण डोळ्यांना '३० विद्यार्थी' हे शब्द शेजारी दिसतात. शि = २ घालून बघा. विद्यार्थी ६० यायला हवेत, म्हणून वि = ३०शि. अक्षर विद्यार्थ्यांच्या संख्येसाठी असतं, 'विद्यार्थी' या शब्दाचं ते लघुरूप नव्हे. 'तिप्पट' आणि 'तिपटीने जास्त' यांत गोंधळ वाटला, तर एमपीएससीच्या पेपरात शेजारी छापलेला इंग्रजी प्रश्नही वाचा. त्यात कमीपणा काही नाही.

आता वयवारीचं एक उदाहरण नीट सोडवू. 'आईचे आजचे वय मुलीच्या वयाच्या तिपटीपेक्षा ४ ने जास्त आहे. ६ वर्षांनंतर आईचे वय मुलीच्या वयाच्या दुपटीपेक्षा ९ ने जास्त असेल, तर ६ वर्षांनंतर मुलीचे वय किती?' पर्याय: ११, १७, ३७, ४३.

मुलीचं आजचं वय क्ष, आईचं ३क्ष + ४. सहा वर्षांनी मुलगी क्ष + ६, आई ३क्ष + १०. म्हणून ३क्ष + १० = २(क्ष + ६) + ९. यातून क्ष = ११. इथे बरेच जण ११ चा गोल काळा करतात. प्रश्न सहा वर्षांनंतरच्या वयाचा आहे, उत्तर १७.

गंमत पुढे आहे. कंस सोडवताना २(क्ष + ६) चं २क्ष + ६ केलं, तर क्ष = ५ येतो. त्यात ६ मिळवले की पुन्हा ११! दोन वेगळ्या चुका, पण उत्तर एकच आणि तेही पर्यायात हजर. त्यामुळे 'उत्तर पर्यायात आहे, म्हणजे बरोबरच असणार' हा भरवसा सोडा. सहा वर्षं फक्त आईच्या वयात मिळवली तर क्ष = −१ येतो. तिथे निदान चूक लगेच कळते.

क्ष म्हणजे काय, हे कच्च्या कामात शब्दांत लिहा: 'क्ष = मुलगी, आज'. आणि प्रश्नात जे विचारलंय त्याखाली रेघ मारा. पाच सेकंदांचं काम आहे.

दोन अंकी संख्येची उदाहरणं मराठी मुलांना जरा जास्तच छळतात, असं मला वाटतं. आपण ५३ ला 'त्रेपन्न' म्हणतो, तीन आधी आणि पन्नास नंतर. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' अशी वाचनपद्धत आली तेव्हा मोठा गदारोळ झाला होता, पण अडचण खोटी नव्हती. दशकस्थानी क्ष, एककस्थानी य असेल तर संख्या १०क्ष + य. नुसतं क्षय लिहिलंत तर तो गुणाकार होतो.

बाकी चुका नेहमीच्याच. ताशी वेग दिला आणि वेळ मिनिटांत, तर आधी एकक जुळवा. जाताना ताशी ४० आणि त्याच रस्त्याने येताना ६० किमी, तर सरासरी ५० नव्हे, ४८.

आणि प्रत्येक ठिकाणी क्ष मांडायचा हट्ट कशाला? शेळ्या-कोंबड्यांची डोकी ६०, पाय १७०. सगळ्या कोंबड्याच मानल्या तर पाय १२०. जास्तीचे ५० पाय शेळ्यांचे, प्रत्येकीचे दोन, म्हणून शेळ्या २५.

पोलीस भरतीत १०० प्रश्नांना ९० मिनिटं मिळतात, सीसॅटला ८० प्रश्नांना १२०. सीसॅटमध्ये प्रश्न अडीच गुणांचा आणि चुकीला त्याचा पाव भाग कापला जातो. एवढ्या घाईत ताळा कोण करणार, असं मुलं विचारतात. वरच्या उदाहरणाचाच घ्या: १७ म्हणजे आज ११, आई ३७, सहा वर्षांनी ४३, १७ ची दुप्पट ३४, अधिक ९, बरोबर ४३. याला घड्याळ लावून बघा.