आडनाव विचारण्याआधी

समुपदेशनाच्या प्रशिक्षणातली माझी पहिली बैठक पुण्यात दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत, एका बालवाडीच्या खोलीत झाली. समोरच्या मावशी म्हणाल्या, "पाऊस लागला की जीव घाबरा होतो. रात्रभर जागी असते." २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याचं पाणी त्यांच्या घरात शिरलं होतं, हे मला आधीच कळलं होतं. मी वही उघडून विचारलं, "त्या रात्री काय काय झालं, सांगाल?" त्यांचे हात थरथरायला लागले. पुढच्या आठवड्यात त्या आल्या नाहीत.

ती बैठक शब्दशः लिहून सुपरव्हिजनला, म्हणजे अनुभवी समुपदेशकासोबत आपलं काम तपासायच्या बैठकीला नेली. तिथल्या मॅडमनी विचारलं, "ही हकीकत आत्ता ऐकायची गरज कोणाला होती?" मनावरच्या आघाताची जाण ठेवून काम करायचं, तर हकीकत नंतर येते. दार कुठे आहे, मध्येच थांबता येईल का, बोललेलं बाहेर जाईल का, हे आधी समोरच्याला कळायला हवं. 'डोळे मिटा, खोल श्वास घ्या' हेसुद्धा सगळ्यांना मानवत नाही. डोळे मिटल्यावर काहींना तेच पुन्हा दिसतं. त्यापेक्षा पाय जमिनीला टेकवायला आणि खोलीतल्या पाच वस्तू सांगायला सांगा.

पुण्यात आपण सहज विचारतो, "आडनाव काय?" आडनावावरून जात ओळखली जाते, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि सांगणाऱ्यालाही. पारधी समाजातल्या माणसासमोर तर वही-पेन काढतानाही विचार करा. १८७१ पासूनच्या इंग्रजांच्या गुन्हेगारी जमाती कायद्याने त्यांच्या पूर्वजांवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली गेला, पण पोलिसांची भीती घराघरात उरली. कोणी नाव लिहून घेतंय, म्हणजे काहीतरी अंगावर येणार, हा त्यांचा अनुभव आहे. तसंच कोणी म्हणालं, "माझ्या अंगात येतं," तर लगेच आजाराचं नाव शोधू नका. ते कधी येतं, आल्यावर घरचे कसे वागतात, नंतर बरं वाटतं का, हे विचारा.

गोपनीयतेचा शब्द देताना मात्र जपून. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार ते कळवावंच लागतं. ही मर्यादा पहिल्याच भेटीत, साध्या मराठीत सांगा.

समुपदेशनाचा कोर्स निवडताना फीच्या आधी दोन गोष्टी विचारा: प्रत्यक्ष माणसांसोबत किती तास बसायला मिळतं, आणि त्यावर सुपरव्हिजन कोण देतं. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' अशी पाटी लावायची, तर भारतीय पुनर्वसन परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम आणि तिथली नोंदणी लागते, नुसतं एम.ए. पुरत नाही.

त्या मावशी दिवाळीनंतर पुन्हा आल्या. या वेळी मी त्यांची खुर्ची दाराजवळ ठेवली होती आणि वही पिशवीतच. आम्ही पाऊण तास त्यांच्या नातवाच्या शाळेबद्दल बोललो. निघताना त्यांनी विचारलं, "पुढच्या मंगळवारी याच वेळेला ना?"