फळं खाऊन पोट बिघडतंय? या चुका टाळा

एकदा वजन कमी करायचं मनावर घेतलं आणि रात्रीच्या जेवणाऐवजी मी वाडगाभर फळं खायला लागले. सफरचंद, नासपती, आंबा, वर कलिंगडाच्या फोडी. तिसऱ्या रात्री अकराच्या सुमारास पोट इतकं डब्ब झालं की कुशीवर वळता येईना. पहाटे मुरडा येऊन जुलाब. मी दुपारच्या भाजीला दोष दिला आणि पोटाला आराम म्हणून दुसऱ्या दिवशीही फळंच खाल्ली! फळानं पोट बिघडू शकतं हे ध्यानात यायला आठवडा गेला.

फळांत फ्रुक्टोज नावाची साखर असते. लहान आतडं ती एका वेळी ठरावीक प्रमाणातच शोषून घेतं, आणि ही मर्यादा माणसागणिक वेगळी असते. शोषली न गेलेली साखर आतड्यात पाणी ओढून घेते, म्हणून शौचाला पातळ होतं. पुढे मोठ्या आतड्यातले जिवाणू तिला आंबवतात आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या पोटात मिथेनही तयार होतो. गुबारा धरतो तो या वायूंमुळे.

एकाच गटातली फळं एकत्र खाणं

माझी मुख्य चूक हीच होती. सफरचंद, नासपती, आंबा आणि कलिंगड या चारही फळांत ग्लुकोजपेक्षा फ्रुक्टोज जास्त असतं. दोन्ही बरोबरीनं असली तर ग्लुकोजच्या मदतीनं फ्रुक्टोज सहज शोषलं जातं. इथे ती मदत अपुरी पडते. मध्यम आकाराच्या एका सफरचंदात साधारण 10 ग्रॅम फ्रुक्टोज असतं आणि अर्धा किलो कलिंगडात सुमारे 17 ग्रॅम. म्हणजे दोन्ही मिळून 27 ग्रॅम. फ्रुक्टोज पचतं की नाही हे श्वासातल्या हायड्रोजनवरून तपासतात, त्या चाचणीत बहुधा 25 ग्रॅम फ्रुक्टोज पाण्यातून देतात. आपण एका बैठकीत पोटाची केवढी परीक्षा घेतो, ते यावरून कळेल.

त्यातच सफरचंद, नासपती, आलुबुखार, पीच आणि चेरीत सॉर्बिटॉल नावाचं साखरेसारखं गोड द्रव्यही असतं. ते मुळातच नीट शोषलं जात नाही. 10 ग्रॅमच्या आसपास गेलं तरी अनेकांना गॅस होतो, 20 ग्रॅमच्या पुढे जुलाब होऊ शकतात.

म्हणून एका वेळी एकच फळ, साधारण मुठीएवढं खा आणि पुढचं दोन-तीन तासांनी. पोट नाजूक असेल तर संत्रं, पपई, अननस किंवा जेमतेम पिकलेलं केळं बऱ्याच जणांना सोसतं.

रस आणि सुकी फळं मोजणीत न धरणं

तीन संत्री सोलून खायला वेळ लागतो, तेवढ्यात पोट भरल्याचंही कळतं. त्यांचा रस मात्र मिनिटभरात संपतो. लहान मुलांना सतत पातळ शी होत असेल तर दिवसभरात सफरचंदाचा रस किती जातोय ते आधी बघा. मनुकांचंही तसंच. द्राक्षांतलं पाणी उडालं तरी साखर तेवढीच राहते, त्यामुळे 25 ग्रॅम मनुका म्हणजे जवळपास 100 ग्रॅम द्राक्षं. सुके आलुबुखार बद्धकोष्ठावर उपयोगी पडतात, पण पोट साफ होत असलेल्या माणसानं ते मूठमूठभर खाल्ले तर त्रास होणारच.

एकदम भरपूर फळं सुरू करणं

इतके दिवस जेमतेम फळ खाणारा माणूस सोमवारपासून चार-पाच फळं खायला लागला, तर फळांतला एवढा तंतू (फायबर) पेलायची आतड्याला सवय नसते. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा, सोबत पाणीही वाढवा.

चुकीच्या गोष्टीला दोष देणं

जेवणानंतर खाल्लेलं फळ पोटात सडतं, असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. जठरात तीव्र आम्ल असतं, तिथे फळ सडत नाही. भरपेट जेवणावर मोठं फळ खाल्लं की जड वाटतं ते एकूण प्रमाणामुळे. आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांनी मात्र झोपण्याआधी आंबट फळं टाळावीत.

फळं कायमची सोडून देणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खुपते. जागतिक आरोग्य संघटना फळं आणि भाज्या मिळून दिवसाला किमान 400 ग्रॅम खायला सांगते. फळं पार बंद केली तर ते गाठणं अवघड होतं. त्याऐवजी पाच-सहा दिवस फळं अगदी कमी करा, मग एकेक फळ परत आणा. पहिल्या दिवशी दोन फोडी, दुसऱ्या दिवशी अर्धं, तिसऱ्या दिवशी पूर्ण. किती वाजता खाल्लं आणि पोट कधी गुरगुरलं ते वहीत लिहा. माझ्या वहीत नासपतीपुढे तिन्ही दिवस फुली आली. सफरचंद अर्ध्यापर्यंत ठीक, आणि केळ्यानं काहीच झालं नाही.

शौचातून रक्त, ताप, कारण नसताना घटणारं वजन किंवा झोपेतून उठवणारे जुलाब असतील तर वहीवर विसंबू नका, डॉक्टरांकडे जा. बाळाला फळ किंवा साखर दिल्यावर उलट्या होत असतील, ते गळून जात असेल, तर फ्रुक्टोज न सोसणारा जन्मजात आजार असू शकतो. त्यात घरगुती प्रयोग अजिबात नकोत. आणि जुलाब चालू असताना ताकद यावी म्हणून फळांचा रस पाजू नका, त्यातल्या साखरेनं ते वाढतात. अशा वेळी ओआरएस द्या.