आनंद भवन कोणत्या क्रमाने पाहावे

काशी-प्रयागच्या यात्रेला गेलेली मराठी कुटुंबे त्रिवेणी संगमावरचे विधी आटोपले की उरलेल्या तासाभरात नेहरूंचे घर पाहून येतात. या घराला निदान अर्धा दिवस द्यावा, आणि तो सोमवार नसावा, कारण सोमवारी संग्रहालय बंद असते.

बहुतेक जण थेट आनंद भवनात शिरतात; माझ्या मते मात्र आरंभ शेजारच्या स्वराज भवनापासून करावा. मोतीलाल नेहरूंनी १९०० च्या सुमारास घेतलेले मूळ आनंद भवन हेच. इंदिरा गांधींचा जन्म १९ नोव्हेंबर १९१७ रोजी याच वास्तूत झाला, आणि मूळचे कोकणातले घराणे असलेले रणजित सीताराम पंडित १९२१ साली विजयालक्ष्मींशी विवाह करून याच घराचे जावई झाले. पुढे १९३० मध्ये मोतीलालजींनी ही वास्तू काँग्रेसला दिली, तिचे नाव स्वराज भवन झाले आणि 'आनंद भवन' हे नाव आवारातल्या नव्या घराकडे गेले. हा क्रम मनात पक्का नसेल, तर कोणता प्रसंग कोणत्या घरात घडला याचा हमखास घोटाळा होतो.

त्यानंतर आनंद भवनात यावे. इथल्या खोल्यांत प्रवेश नसतो, त्या काचेआडून पाहाव्या लागतात. म्हणून गर्दीच्या रेट्याबरोबर पुढे न सरकता प्रत्येक काचेपाशी थांबावे. जवाहरलालजींच्या खोलीत पुस्तकांकडे अवश्य लक्ष द्यावे, आणि गांधीजी मुक्कामाला येत ती खोली व काँग्रेस कार्यकारिणीच्या बैठकींची खोली एकापाठोपाठ पाहावी, म्हणजे या कुटुंबाचा संसार आणि देशाचे राजकारण एकाच छपराखाली कसे चालत होते ते नीट उमगते. २६ मार्च १९४२ रोजी इंदिराजींचा विवाह इथे झाला. वडिलांनी तुरुंगात कातलेल्या सुताची साडी त्या नेसल्या होत्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जवाहरलालजींना मुंबईत अटक होऊन अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. किल्ल्यातली त्यांची खोलीही जतन केलेली आहे, आणि हे घर पाहिलेल्या मराठी माणसाने ती पाहायलाच हवी, असे मला मनापासून वाटते.

इंदिराजींनी १९७० मध्ये हे घर राष्ट्राला अर्पण केले. आवारातले तारांगण १९७९ चे आहे. मुले बरोबर असतील तर ते शेवटी ठेवावे, नाहीतर त्यांचे घराकडे लक्ष लागत नाही.

परतताना जवळचे कमला नेहरू रुग्णालय बाहेरूनच पाहावे. कमलाजींनी स्वराज भवनात दवाखाना सुरू केला होता. त्यांच्या निधनानंतर उभारलेल्या या रुग्णालयाची पायाभरणी १९३९ मध्ये गांधीजींच्या हस्ते झाली आणि १९४१ मध्ये उद्घाटनही त्यांनीच केले. तिथे आजही रुग्णांवर उपचार होतात, त्यामुळे केवळ कुतूहलापोटी आत जाऊ नये.