घर बंद ठेवून जाताना टपाल कसं थांबवावं

टपाल थांबवायला निघालेल्या माणसाची पहिली चूक पोस्ट निवडतानाच होते. घराजवळचं पोस्ट ते आपलं पोस्ट, असं नसतं. ज्या पोस्टातून आपल्या गल्लीचा बटवडा होतो, अर्ज तिथेच द्यायचा.

ते पोस्ट पिनकोडवरून कळतं. उदाहरणार्थ, ४१६ या आकड्यांवर टपाल कोल्हापूर-सांगलीकडे येतं आणि शेवटचे तीन आकडे बटवड्याचं पोस्ट ठरवतात: सांगली ४१६४१६, विश्रामबाग ४१६४१५, मिरज ४१६४१०, माधवनगर ४१६४०६. विश्रामबागेत राहून सवयीने ४१६४१६ लिहिलं की पत्र आधी भलत्याच पोस्टात उतरतं आणि मग फिरून येतं. खेड्यातल्या शाखा डाकघराला सहसा वरच्या उपडाकघराचाच पिन असतो. तिथे शाखा पोस्टमास्तरांना भेटा. शंका असली तर पोस्टमनलाच विचारा, "तुम्ही कुठल्या पोस्टातून निघता?"

साधी पत्रं, मासिकं, लग्नपत्रिका यांची नोंद नसते. पोस्टमन ती पेटीत टाकतो किंवा दाराखालून सरकवतो. ही थांबवणं सोपं. खरी काळजी नोंदीच्या टपालाची, म्हणजे रजिस्टर आणि स्पीड पोस्टाची. रजिस्टर आता वेगळं राहिलेलं नाही, २०२५ मध्ये ते स्पीड पोस्टात विलीन झालं. असं टपाल कुणाच्या तरी हातात द्यावं लागतं. दाराला कुलूप दिसलं तर पोस्टमन सूचना चिठ्ठी ठेवतो, पाकीट साधारण सात दिवस पोस्टात राहतं आणि मग पाठवणाऱ्याकडे परत जातं. पंधरा दिवसांच्या सहलीत हे सगळं तुमच्या नकळत उरकतं.

अर्ज साध्या कागदावर, पोस्टमास्तरांच्या नावे लिहावा. पूर्ण पत्ता, पिन, मोबाइल नंबर, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत टपाल रोखायचं, आणि घरातल्या ज्यांच्या नावे टपाल येतं त्या प्रत्येक मोठ्या माणसाचं नाव आणि सही. एकट्या कर्त्याची सही बायकोच्या किंवा आईच्या टपालाला चालेल असं धरू नका. टपाल किती दिवस ठेवता येईल हे आधी विचारा आणि त्याच हिशेबाने तारीख घाला. ओळखपत्राची झेरॉक्स जोडा. अर्ज दोन प्रतींत न्या आणि एकीवर तारखेचा शिक्का घ्या. निघण्याच्या आदल्या दिवशी नको, चार-पाच दिवस आधी द्या, म्हणजे तो बीटवरच्या, म्हणजे आपल्या भागात फिरणाऱ्या, पोस्टमनपर्यंत पोचतो. त्याला तोंडी सांगाच, पण बदली पोस्टमन आला की तोंडी निरोप हरवतो.

मुक्काम महिन्याच्या वर असेल तर रोखण्यापेक्षा नव्या पत्त्यावर वळवून घेणं बरं. पुराच्या दिवसांत कृष्णाकाठची घरं सोडून नातेवाइकांकडे जाणाऱ्यांनाही हाच मार्ग सोयीचा. शेजाऱ्याकडे आलेलं साधं पत्र त्याने न उघडता, जुना पत्ता खोडून नवा लिहून पेटीत टाकलं तरी ते पुढे जातं. नोंदीचं टपाल घ्यायला कुणाला नेमायचं असेल तर त्याच्या नावाचं अधिकारपत्र अर्जासोबत द्या. पासपोर्ट मात्र अर्जदाराच्याच हातात देतात. तो किंवा बँकेचं कार्ड वाटेत असताना घर बंद करू नका.

आणि एक गोष्ट नीट लक्षात घ्या: टपाल थांबलं तरी कायद्याची मुदत थांबत नाही. योग्य पत्त्यावर नोंदीने पाठवलेली नोटीस "मुदतीत नेली नाही" म्हणून परत गेली, तरी १८९७ च्या जनरल क्लॉजेस कायद्याच्या कलम २७ प्रमाणे ती मिळाली असं न्यायालय धरू शकतं. न वटलेल्या चेकच्या नोटिशीत पैसे भरायला १५ दिवसच असतात. जमिनीचा, चेकचा वाद चालू असलेल्यांनी टपाल रोखू नये, घ्यायला माणूस नेमावा.

महावितरणचं वीजबिल पोस्टाने येत नाही, खाजगी कुरिअरही पोस्टाचं ऐकत नाही. त्यांना वेगळं कळवावं लागतं.

परत आल्यावर रोखलेला गठ्ठा पोस्टातून स्वतः घ्या आणि बटवडा पुन्हा सुरू करायला सांगा. एखादं पाकीट सापडत नसेल तर पाठवणाऱ्याकडून तेरा अक्षरांचा नंबर मागवा (दोन अक्षरं, नऊ आकडे, शेवटी आयएन) आणि १८०० २६६ ६८६८ या टोल-फ्री क्रमांकावर चौकशी करा.