सुरीच्या मुठीसाठी घरच्या घरी लाकूड कसं तयार करायचं

मूठ तडकली किंवा हलायला लागली की आपण लोहाराला दोष देतो, पण बहुतेक वेळा लाकूडच नीट वाळलेलं नसतं. त्यामुळं खरी मेहनत वाळवण्यातच आहे.

आधी लाकूड कुठलं घ्यायचं. आपल्या बेळगाव-खानापूरकडं बाभूळ, चिंच, बोर सहज मिळतं, कुणाच्या बांधावरची फांदी वाऱ्यात पडली असेल तर विचारून घ्या. बाभळीचा आतला तांबूस भाग मुठीला एकदम बेस्ट, औतं आणि दांडे त्याचेच करायचे ते उगीच नाही. जुन्या चिंचेचा आतला काळपट भागपण तसाच कडक. साग-शिसवाचं झाड तोडायला जाऊ नका, फॉरेस्टची परवानगी लागते, त्यापेक्षा सुताराकडं पडलेले तुकडे मागा. कण्हेर आणि बिब्बा नकोच, कण्हेर विषारी आहे आणि बिब्बा अंगावर उततो.

फांदी ५-६ इंच जाड बघा, कारण अगदी मधोमधचा बारीक गाभा (सगळा तांबूस भाग नव्हे) मुठीत येऊन चालत नाही. वाळताना लाकूड वर्तुळांच्या बाजूनं जास्त आकसतं, गाभ्याकडून सालीकडं त्याच्या निम्मंच, म्हणून अख्खा ओंडका ठेवला की तडा जातोच. ओलं असतानाच उभं चिरा, गाभा काढून टाका, साल काढा आणि बाहेरचं पांढरं लाकूडपण घेऊ नका, किडा पहिल्यांदा तिथंच लागतो आणि भुसा पडायला लागतो. तुकडा दीड इंच जाड, दोन इंच रुंद आणि लांबीला आठ इंच ठेवा, मूठ पाच इंचाचीच होते पण टोकं तडकली तर कापायला जागा राहते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दोन्ही टोकांना लगेच, म्हणजे त्याच दिवशी, वितळलेलं मेण नाहीतर जाड ऑइल पेंट लावा. पाणी टोकातनं फार पटकन निघतं, मध्ये ओलंच राहतं आणि टोकांना चिरा पडतात. मग सावलीत, वारा लागेल असं, मध्ये पट्ट्या घालून रचा. उन्हात किंवा चुलीजवळ नको. इंचाला साधारण वर्ष असा हिशोब धरतात, पण खानापूर-जांबोटीच्या पावसात चार महिने काहीच वाळत नाही, उलट बुरशी येते, म्हणून दिवाळीनंतर सुरुवात केलेली बरी. वाळलं का ते किचनच्या काट्यावर बघा, तुकड्यावर तारीख आणि वजन लिहा, उन्हाळ्यात दोन-तीन आठवडे वजन जराही उतरलं नाही की झालं.

मग मूठ घडवा, पॉलिश पेपर १२० पासून ४०० पर्यंत, मास्क लावूनच, शिसवाची धूळ तर फार त्रास देते. पातं बसवायला एपॉक्सी घ्या, जुने लोक लाख वितळवून भरायचे तेपण चालतं. शेवटी जवसाचं तेल पातळ हातानं तीन-चार वेळा, दर वेळी पूर्ण सुकू द्या. गोडं तेल नको, ते सुकत नाही आणि खवट होतं. जवसाच्या तेलाची फडकी मात्र गोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेतात, पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.